मौलाना मुहम्मद अली जौहर : शुगर, तुरुंग आणि चार मुलींचं घर

रमजानच्या रात्री मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा नसते. मिनारा मशिदीच्या आसपास मोठमोठ्या कढयांत मालपुवे तळले जातात, मातीच्या भांड्यांत फिरनी मांडलेली असते. राज्याच्या कानाकोपऱ्यातून लोक खास खायला येतात. त्यात शुगर असलेले कुणाचे तरी अब्बा, कुणाची तरी फुफी असतेच. आजच्या दिवस म्हणत तेही एक मालपुवा उचलतात.

या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते मौलाना मुहम्मद अली जौहर स्वतः शुगरचे रुग्ण होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. शाळेच्या पुस्तकात खिलाफत चळवळ आणि अली बंधू एवढंच येतं. पण या माणसाने आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षं मधुमेह अंगावर घेऊन काढली. त्याच वर्षांत नजरकैद झाली, तुरुंग झाला, दोन वर्तमानपत्रं चालवली आणि बुडाली, आणि चार मुलींचं घरही चाललं. त्यांच्या कुर्बानीबद्दल आपण ऐकत आलो आहोत. आज त्यांच्या दुखण्याबद्दल आणि ते दुखणं वाटून घेणाऱ्या घराबद्दल.

बी अम्मांचे दागिने

मुहम्मद अलींचा जन्म १० डिसेंबर १८७८ चा, रामपूरचा. वडील अब्दुल अली खान तरुणपणीच कॉलऱ्याने गेले. मुहम्मद अली तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. आई आबादी बानो बेगम, ज्यांना पुढे सगळा देश बी अम्मा म्हणू लागला, ऐन तिशीच्या आत विधवा झाल्या. दुसरं लग्न केलं नाही. स्वतः फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण मुलांनी इंग्रजी शिकावं हा हट्ट होता. घरच्या वडीलधाऱ्यांनी या शिक्षणाला पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी आपले दागिने गहाण टाकले.

थोरले भाऊ शौकत अली अलिगढला शिकून सरकारी नोकरीत लागले. धाकट्याला ऑक्सफर्डला पाठवायचा खर्च त्यांनी उचलला. १८९८ मध्ये मुहम्मद अली लिंकन कॉलेजात इतिहास शिकायला गेले. आयसीएसची परीक्षा काही जमली नाही, पण इंग्रजी अशी कमावली की पुढे इंग्रज अधिकारीही त्यांचे अग्रलेख आवडीने वाचायचे.

१९०२ मध्ये परत आले आणि त्याच वर्षी अमजदी बेगमांशी निकाह झाला. आधी रामपूरच्या शिक्षण खात्यात, मग सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात नोकरी. महिन्याच्या महिन्याला पगार, मान, सगळं व्यवस्थित. पदरी मुली होत्या. जोहरा, अमीना, हमीदा आणि गुलनार अशा चार लेकी त्यांना झाल्या. १९१० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली आणि जानेवारी १९११ मध्ये कलकत्त्याहून 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. राजधानी दिल्लीला हलली तसा 'कॉम्रेड'ही दिल्लीला आला. १९१३ मध्ये त्याच्या जोडीला उर्दू दैनिक 'हमदर्द' निघालं.

पगाराची नोकरी सोडून छापखाना काढणं म्हणजे काय, हे ज्या घराने भोगलंय त्यालाच कळतं. कागदाचे पैसे, छपाईचे पैसे, कामगारांचे पगार, आणि उरलं तर घरखर्च. त्यात सरकारची नजर.

शुगर कळली, तेव्हा औषधच नव्हतं

मुहम्मद अलींची काम करायची पद्धत जिवावर बेतणारी होती. सप्टेंबर १९१४ मध्ये, महायुद्ध पेटल्यावर, तुर्कस्तानबद्दलचा त्यांचा गाजलेला अग्रलेख त्यांनी जवळपास ४० तास एका बैठकीत लिहिला. झोप नाही, धड जेवण नाही, बरीचशी मदार कॉफीवर. त्या लेखावरून सरकारने 'कॉम्रेड'ची अनामत रक्कम जप्त केली आणि पेपर बंद पडला.

याच काळात त्यांना मधुमेह असल्याचं निघालं. वय पस्तीस-छत्तीस.

आज आपल्याकडे कुणाला शुगर निघाली की डॉक्टर गोळी लिहून देतात, महिन्याने परत बोलावतात. १९१४-१५ मध्ये यातलं काहीच नव्हतं. इन्सुलिन नव्हतं. शुगरच्या ज्या गोळ्या आज घराघरात आहेत, त्या १९५० नंतरच्या. बोटाला टोचून घरी साखर बघायचं यंत्र नव्हतं. लघवी तपासून अंदाज घ्यायचा. डॉक्टरांच्या हातात एकच खरं औषध होतं, ते म्हणजे परहेज. गोड बंद, भात-भाकरी मोजून, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, चालणं-फिरणं, डोक्याला ताप नाही.

ज्या माणसाला चाळीस-चाळीस तास लिहायची सवय, त्याला हे औषध द्यायचं म्हणजे काय ते बघा. परहेज हे एकट्याचं काम नसतं. ताटात काय वाढायचं, काय लपवायचं, कधी उठवायचं आणि कधी हात धरून थांबवायचं, हे घरातल्या बाईलाच बघावं लागतं. त्या काळात तर सगळं तिच्यावरच यायचं.

मौलानांच्या जिभेचा एक किस्सा उर्दू मैफलींत अजून सांगितला जातो. ते एकदा सीतापूरला दावतीला गेले. जेवणानंतर मीठा आला. यजमानांना त्यांचा आजार माहीत होता, म्हणून त्यांनी संकोचत विचारलं की आपण गोड खाणार नाही ना. मौलाना म्हणाले की सासरचं गोड नाकारायचं कसं. यजमान गोंधळले, सीतापूरला यांचं सासर कुठून आलं? मौलानांनी हिशेब समजावला, मी रामपूरचा, मग सीतापूर माझं सासरच झालं की. मैफल हसून लोटपोट झाली आणि मौलानांनी मीठा खाल्ला.

किस्सा गोड आहे. पण शुगर असलेल्या माणसाच्या घरातल्यांना तो ऐकताना हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. लग्नात, ईदला, जनाज्याच्या घरीसुद्धा असं काहीतरी कारण काढून खाणारा माणूस प्रत्येकाच्या घरात असतो. आणि घरी परतल्यावर त्याचे पाय चेपणारी कुणीतरी असते.

नजरकैदेतलं घर

मे १९१५ मध्ये दोघा भावांना नजरकैदेचा हुकूम निघाला. आधी मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि नंतर छिंदवाडा. छिंदवाडा तेव्हा मध्य प्रांतात, आपल्या नागपूरच्या वर. तिथे त्यांची वर्षं गेली. बी अम्मा सोबत राहिल्या. बाहेर जायचं नाही, लिहायचं नाही, भेटायला कोण आलं त्यावर पहारा.

या सक्तीच्या फुरसतीत मुहम्मद अली कुरआनाच्या अभ्यासात बुडाले. ऑक्सफर्डला शिकलेला हा माणूस मौलाना झाला तो खरं तर इथे. शरीराला पहिल्यांदा थोडी विश्रांतीही इथेच मिळाली असेल. पण वर्तमानपत्र बंद म्हणजे कमाई बंद. मुली वाढत होत्या, खर्च थांबत नव्हता.

१९१७ मध्ये सरकारने सुटकेची तयारी दाखवली, अट अशी की एका हमीपत्रावर सही करायची. बी अम्मांनी निरोप्याला ऐकवलं की माझ्या मुलांनी भिऊन असल्या कागदावर सही केली तर त्यांचा गळा दाबायची ताकद अल्लाह या म्हाताऱ्या हातांना देईल. सुटका झाली ती डिसेंबर १९१९ च्या शेवटी, छिंदवाडा आणि बैतूलच्या तुरुंगानंतर.

बाहेर आले आणि दोन महिन्यांत खिलाफतीचं शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला गेले. परतले ते थेट अलिगढला. २९ ऑक्टोबर १९२० रोजी तिथे जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली आणि मुहम्मद अली तिचे पहिले कुलगुरू झाले. मग देशभर दौरे. रेल्वेत जेवण, सभेत रात्र, वेळेचा पत्ता नाही.

वॉल्टेअरचं स्टेशन

१४ सप्टेंबर १९२१. गांधीजी, मुहम्मद अली आणि अमजदी बेगम मद्रासकडे निघाले होते. आजच्या विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअर स्टेशनवर पोलिसांनी मुहम्मद अलींना पकडलं. अमजदी बेगमना निरोप घ्यायला जेमतेम काही क्षण मिळाले. गाडी सुटली. त्या रडत घरी परतल्या नाहीत. बुरख्यातच गांधीजींसोबत पुढे मद्रासला गेल्या आणि दौरा चालू ठेवला. त्यांच्या धीराने गांधीजी इतके प्रभावित झाले की त्यांनी त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला.

कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला. मुस्लिमांनी इंग्रज फौजेत नोकरी करणं हराम आहे, या ठरावावरून. दोघा भावांना दोन-दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

इथे एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. त्याच १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट हे दोघे इन्सुलिनचे प्रयोग करत होते. ११ जानेवारी १९२२ रोजी तिथल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. शुगरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी मुहम्मद अली तुरुंगात होते, सरकारच्या कैद्याचं जेवण जेवत होते.

शिक्षेचा मोठा भाग त्यांनी विजापूरच्या तुरुंगात काढला. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथेच त्यांनी इंग्रजीत आपलं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र लिहिलं. आणि तिथेच त्यांना बातमी कळली की दुसऱ्या नंबरची लेक अमीना क्षयाने अंथरुणाला खिळली आहे.

क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध यायला अजून वीस वर्षं होती. बाप एका आजाराशी झगडत गजाआड, मुलगी दुसऱ्या आजाराशी झगडत घरी. आणि दोघांच्या मध्ये अमजदी बेगम. त्या एकीकडे मुलीची उशी बदलत होत्या, दुसरीकडे खिलाफतीसाठी बायकांच्या सभा घेऊन चंदा गोळा करत होत्या. मुहम्मद अली विजापुरातून लेकीला उद्देशून शेर लिहायचे. त्यात लाचारी आहे आणि अल्लाहच्या मर्जीपुढे झुकवलेली मान आहे.

१९२४ साल

ऑगस्ट १९२३ च्या अखेरीस सुटका झाली. डिसेंबरमध्ये काकीनाडाच्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. बाहेरून बघणाऱ्याला हा मानाचा कळस. घरात मात्र अमीना झिजत होती. १९२४ मध्ये ती गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात हिंदू-मुस्लिम दंगलींनी व्यथित होऊन गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला, तो दिल्लीत मुहम्मद अलींच्या घरात. मुलीच्या मौतीला वर्षही झालेलं नव्हतं, बी अम्मा आजारी होत्या, आणि घरात देशभरच्या पुढाऱ्यांची वर्दळ. १३ नोव्हेंबर १९२४ रोजी बी अम्माही अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

एका वर्षात मुलगी आणि आई. मधल्या काळात तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत संपवून टाकली, ज्यासाठी यांनी तुरुंग भोगला होता. शुगरच्या माणसाला डॉक्टर म्हणतात की टेन्शन घेऊ नका. या माणसाला कुणी काय सांगायचं?

त्यांनी दुःखावर काढलेला उपाय एकच, आणखी काम. 'कॉम्रेड' आणि 'हमदर्द' पुन्हा सुरू केले. 'कॉम्रेड' १९२६ च्या सुरुवातीला बंद पडला, 'हमदर्द' १९२९ मध्ये. पैसा संपला, जुने सोबती दुरावले. शरीर तर कधीचं उत्तर देऊ लागलं होतं. १९२८ मध्ये उपचारांसाठी युरोपला जावं लागलं, तेही दुसऱ्याच्या आर्थिक मदतीवर. तिथे असताना इकडे नेहरू रिपोर्ट आला. त्यावरून राजकारण तापलं आणि ते परतून पुन्हा त्याच धावपळीत पडले.

खुर्चीत बसून केलेलं भाषण

१९३० च्या ऑक्टोबरात लंडनच्या गोलमेज परिषदेसाठी ते मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा त्यांना स्ट्रेचरवर न्यावं लागलं. सोबत अमजदी बेगम आणि शौकत अली. जाऊ नका म्हणणारे पुष्कळ होते.

१९ नोव्हेंबर १९३० ला परिषदेत बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी बसून बोलायची परवानगी मागितली. त्या भाषणातलं एकच वाक्य लोकांना आठवतं, की गुलाम देशात परत जाणार नाही, स्वातंत्र्य द्या नाहीतर कबरीला जागा द्या. पण त्याच भाषणात त्यांनी आपल्या आजारांची यादीही वाचली होती. मोठं झालेलं हृदय, मंदावलेली नजर, एकदा सडायला लागलेला पाय, नसांचं दुखणं, अंगभर सूज, लघवीतून जाणारं प्रथिन आणि मधुमेह. वर कोपरखळी मारली की यादी अजून लांब आहे, पण परिषदेतले डॉक्टर सदस्य कर्नल गिडनी यांना मी त्यांचा प्रतिस्पर्धी होतोय असं वाटायला नको.

सभागृह हसलं असेल. पण ती यादी आज एखाद्या डॉक्टरला दाखवा. तो म्हणेल, वेगवेगळे सात आजार समजू नका, बहुतेकांचं मूळ एकच आहे. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यातल्या गेल्या की नजर जाते. मूत्रपिंडातल्या गेल्या की लघवीतून प्रथिन जायला लागतं आणि अंगावर सूज येते. नसा बधिर झाल्या की पायाची जखम कळत नाही, ती सडते. हृदयावर तर सगळ्याचाच भार. मौलानांनी हसत हसत जे सांगितलं, ती पंधरा वर्षांच्या शुगरची पूर्ण कहाणी होती.

शेवटच्या दिवसांतही पलंगावर पडून ते ब्रिटिश पंतप्रधानांना हिंदू-मुस्लिम प्रश्नावर लांबलचक पत्र सांगून लिहून घेत होते. ४ जानेवारी १९३१ च्या सकाळी लंडनच्या हाइड पार्क हॉटेलात त्यांचा इंतकाल झाला. वय ५२. अमजदी बेगम शेजारी होत्या.

जेरुसलेमच्या मुफ्तींनी निमंत्रण दिलं आणि २३ जानेवारीला, शुक्रवारी, मस्जिद-ए-अक्साच्या आवारात त्यांचा दफनविधी झाला. रामपूरचा मुलगा बैतुल मुकद्दसच्या मातीत विसावला.

मागे राहिलेल्यांचं काय

चरित्रं इथे संपतात. घराची गोष्ट संपत नाही. अमजदी बेगम नवऱ्यानंतर सोळा वर्षं जगल्या. लेकींकडे बघितलं, राजकारणात राहिल्या, मुस्लिम लीगच्या कार्यकारिणीत बसणाऱ्या त्या पहिल्या महिला. मार्च १९४७ मध्ये त्या गेल्या. ज्या स्वातंत्र्यासाठी नवऱ्याने जीव दिला, ते पाच महिन्यांवर आलं होतं.

मौलानांना दोष देणं सोपं आहे आणि बरोबरही नाही. त्यांच्या काळात औषधं नव्हती आणि गुलामीने त्यांना निवांत बसू दिलं नाही. पण काही गोष्टी त्यांच्या हातात होत्या आणि त्या त्यांनी केल्या नाहीत, हेही खरं. कौमच्या दुखण्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्या या माणसाने स्वतःच्या दुखण्याला कधी वेळ दिला नाही. त्याची किंमत त्यांच्याबरोबर घरानेही मोजली.

आपल्या घरातल्या अब्बांना, अम्मींना सरकार तुरुंगात टाकत नाही. गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते, सरकारी दवाखान्यातही मिळते. तरी दुकान बंद करून तपासणीला जायला वेळ नसतो. पायाला लागलेलं बोलून दाखवलं जात नाही. मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू, असं म्हणत वर्षं जातात. अम्मी तर सगळ्यांचं ताट वाढून झाल्यावर दुपारी तीनला जेवतात आणि चक्कर आली तरी सांगत नाहीत. आपल्या दीनमध्ये शरीर ही अल्लाहची अमानत मानली आहे, आजाऱ्याला रोज्यातसुद्धा सवलत दिली आहे. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही. रमजानच्या आधी डॉक्टरांना भेटून रोजे ठेवायचे का, औषधाच्या वेळा कशा बदलायच्या, हे विचारून घेण्यातही नाही.

पुढच्या वेळी मोहम्मद अली रोडवर गेलात तर फिरनी जरूर घ्या. ज्यांना चालते त्यांनी पूर्ण भांडं, ज्यांना शुगर आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढीच. आणि घरी परतल्यावर अब्बांच्या पायाचे तळवे एकदा उजेडात नीट बघा. छोटीशी जखम असेल तर ती आजच दिसू दे.